बुशताच्या भिंतीवरचा शंख

सी बुशता, म्हणजे आमचा न्हावी बुशताराव, दाढी चांगली करतो, असं आमच्या गल्लीत कोणी म्हणणार नाही. चांगली सुरू करतो, एवढं मात्र सगळे मान्य करतील. फेस लावून होतो, वस्तरा चामड्यावर घासून होतो, एक गाल गुळगुळीत होतो, आणि तेवढ्यात दारावरून कोणीतरी पाहुणा भिंतींकडे बघत बघत जातो. मग बुशता वस्तरा मिटून खिशात टाकतो आणि त्याच्या मागे निघतो. आमच्या पोस्टमनला, अल्लालला, एका गालावर फेस घेऊन पत्रं वाटताना मी कितीदा तरी पाहिलंय. तो म्हणायचा, गल्ली संपेपर्यंत हा परत येईलच, मग दुसरा गाल करून घेतो.

मी समोरचा भट्टीवाला, अयाशी. सकाळी गल्लीतल्या बायका पाव थापून फळीवर मांडून माझ्याकडे आणून ठेवतात आणि मी ते भाजून देतो. माझ्या भट्टीचं तोंड आणि बुशताच्या दुकानाचं दार समोरासमोर आहेत. त्यामुळे आयुष्यभर त्याचं बोलणं मला फुकट मिळालं. विकत घ्यावं लागलं असतं तर मी घेतलं नसतं, पण ते असो.

आमचं गाव मोरोक्कोच्या पश्चिम किनाऱ्यावर. समुद्र, तारल्या आणि वारा, एवढाच आमचा कारभार होता. मग उन्हाळ्यात चित्रकार यायला लागले. गावाची समिती त्यांना गल्लीतल्या भिंती वाटून देते, ते शिड्या लावून चित्रं काढतात आणि निघून जातात. ती चित्रं रमजानच्या आधीच्या महिन्यापर्यंत राहतात. तेव्हा घरोघरी चुना कालवतात, त्यात चिमूटभर नीळ टाकतात आणि ज्याची भिंत त्याने आपल्या हाताने ती पांढरी करायची. चित्र कितीही मोठ्या माणसाने काढलेलं असो, चुना सगळ्यांना सारखा. पांढरी झालेली गल्ली पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चित्रकारांना मिळते. एक भिंत जरी तशीच राहिली तरी समिती अख्खी गल्ली वगळते आणि पाहुण्यांसकट सगळं शेजारच्या गल्लीत नेते. शेजारच्या गल्लीशी आमचं काय आहे ते सांगत बसत नाही, पण तसं झालेलं आम्हाला चालणार नव्हतं.

या सगळ्यात बुशताला कोणी नेमलं नव्हतं. तो आपणहून चित्रांचा जाणकार झाला. दोन रेघा आणि एक लाल गोळा दिसला की आपण म्हणू सूर्य. बुशता म्हणायचा, नीट बघा, हा चित्रकाराच्या सासूचा राग आहे. स्पॅनिश पाहुणे माना डोलवायचे. एकदा एका चित्रकाराने स्वतः ते ऐकलं आणि तो बराच वेळ आपल्याच चित्रासमोर विचारात उभा राहिला. बुशताने त्यालाही समजावून सांगितलं.

आणि चुना लावायची वेळ आली की बुशताला वेगळाच जोर चढायचा. माझ्या शेजारच्या लल्ला रहिमोच्या, म्हणजे रहिमोबाईच्या, भिंतीवर एका वर्षी निळा घोडा होता. तो पुसायच्या दिवशी तिची मुलगी दारात बसून रडायला लागली. बुशता दुकान सोडून आला आणि म्हणाला, "रडतेस काय? चित्र म्हणजे पाहुणा. एक वर्ष राहिला तर त्याचा मान. त्याहून जास्त राहिला तर तो भाडेकरू." मुलगी गप्प झाली. रहिमोने मात्र ते वाक्य जपून ठेवलं. ती बाई काही टाकून देत नाही.

आता खरी गोष्ट. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भिंती दाखवत फिरलेल्या बुशताच्या स्वतःच्या भिंतीवर एकदाही चित्र आलं नव्हतं. त्याची बाजूची भिंत, माझ्या भट्टीसमोरच्या मोकळ्या जागेत येणारी, थेट समुद्राच्या वाऱ्यात आहे. खारा वारा गिलावा खातो. समितीचा माणूस यायचा, नखाने पापुद्रा काढून बघायचा आणि म्हणायचा की या भिंतीला घाम येतो. बुशता दरवर्षी गिलावा करून घ्यायचा. दरवर्षी घाम यायचा. याबद्दल तो कधी काही बोलला नाही. बुशता ज्या गोष्टीबद्दल बोलत नाही ती त्याला किती लागली असेल, हे मला कळत होतं.

मागच्या उन्हाळ्यात एका घराच्या भिंतीतली मोरी फुटली, तिथे नेमलेली चित्रकार मोकळी राहिली, आणि दुसरी भिंत शिल्लक नव्हती. अशी वियाम बुशताच्या वाट्याला आली. तेतुआनची मुलगी, किडकिडीत, कामापुरतं बोलणारी. मोरीची हकीकत अख्ख्या गावाला ठाऊक होती. बुशताने दुसऱ्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली की मुलीने सगळं गाव पालथं घातलं आणि शेवटी याच भिंतीवर बोट ठेवलं.

ती शिडीवर चढली की हा खाली खुर्ची टाकून बसायचा. रंग कसा धरतो, वारा कुठून येतो, कोणत्या वर्षी कोणी काय काढलं, सगळं तिला सांगायचा. आत गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचा फेस वाळून जायचा. ती वरून "हं" म्हणायची. दुपारी बुशताची बायको, लल्ला तामो, पुदिन्याचा चहा आणि गरम म्समेन, आमच्या घडीच्या पोळ्या, घेऊन यायची. ताट शिडीच्या पायरीवर ठेवायची, काहीतरी बोलायला तोंड उघडायची, तोवर बुशता पुढच्या वर्षावर गेलेला असायचा. ती ताट ठेवून परत जायची. हे मी रोज बघत होतो, पण मी ते कधी मनावर घेतलं नाही. ती मुलगी शिडीवरून बघत होती.

चित्र पुरं झालं तेव्हा सगळी गल्ली जमली. भिंतभर, जमिनीपासून खिडकीपर्यंत, एक निळा कान होता.

कान म्हणजे कान. वरची वळलेली कड, आतल्या घड्या, खाली पाळी, सगळं जिथल्या तिथे. लहान मुलंसुद्धा म्हणाली, कान. बुशता दोन पावलं मागे गेला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "शंख. समुद्राच्या तोंडावर शंखच यायला हवा होता. मी तिला तसं सुचवलं होतं."

वियाम रंगाचे हात पुसत होती. तिने तामोकडे बघितलं आणि शिडी उचलली.

त्यानंतर गल्लीला वर्षभराची करमणूक मिळाली. जन्मभर माणसांच्या कानांभोवती वस्तरा फिरवणाऱ्या न्हाव्याला कान ओळखता येत नाही! अल्लाल दाढीला बसला की आपला कान धरून सांगायचा, "सी बुशता, या शंखाला जपून." कोणी विचारायचं, शंखात मळ साचला तर काय करायचं. बुशता हसत नव्हता आणि चिडतही नव्हता. पाहुण्यांना घेऊन जायचा आणि त्यांना शंखाच्या घड्या दाखवायचा. पाहुणे एकमेकांकडे बघायचे.

तामोने या चेष्टेत कधी भाग घेतला नाही. उलट तिची एक नवीनच सवय झाली. दुपारी जेवणं आटोपली, बुशता दुकानात किंवा पाहुण्यांमागे गेला, की ती एक बुटकं स्टूल आणि भाजीची टोपली घेऊन त्या भिंतीपाशी बसायची. तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन तांजियरला गेल्यात. घर रिकामं असतं, म्हणून उन्हाला बसते, असं मला वाटायचं. मटार सोलता सोलता ओठ हलताना दिसायचे. मी समजलो की जप करते आहे.

मग रमजान तोंडावर आला. गल्लीत चुन्याच्या बादल्या निघाल्या, रहिमोने डोक्याला फडकं बांधलं, आणि एकेक भिंत पांढरी व्हायला लागली. बुशताची सोडून. आज वारा फार आहे, म्हणाला. मग चुना अजून मुरला नाही. मग खांदा धरलाय. ज्या खांद्याने तो वस्तरा चालवत होता तोच धरला होता. शेवटी अख्ख्या पांढऱ्या गल्लीत एकच निळा कान उरला आणि समितीचा माणूस बघून गेला. जाताना म्हणाला, शुक्रवारपर्यंत वाट बघू, नाहीतर या वर्षी शेजारची गल्ली.

गल्लीने बुशताला धारेवर धरलं. रहिमो दुकानात शिरली, आरशासमोर उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सी बुशता, तुमचा पाहुणा भाडेकरू झाला की."

दाढीला बसलेल्या माणसाला हसू आवरेना. बुशताने वस्तरा खाली ठेवला. मला वाटलं आता एक भाषण होणार. तो एवढंच म्हणाला, "लल्ला रहिमो, तुझ्या भिंतीवर दर वर्षी काही ना काही येतं. माझ्या भिंतीवर पुन्हा येणार नाही. तिला घाम येतो." बाहेर आल्यावर रहिमो माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली की मी उगीच बोलले. रहिमोच्या तोंडून हे ऐकायला मला म्हातारं व्हावं लागलं.

गुरुवारी दुपारी बुशता पाव न्यायला माझ्याकडे आला. मी लांब दांड्याच्या फळीने पाव बाहेर काढत होतो, तो लाकडांच्या ढिगाआड सावलीला उभा होता. समोर तामो तिच्या स्टुलावर बसलेली. लाकडांमुळे तिला तो दिसत नव्हता. त्या दिवशी वारा आमच्या बाजूला होता आणि तिचा आवाज स्पष्ट येत होता. जप नव्हता. ती कानाशी बोलत होती.

"हद्दूमचा फोन आला होता परत," ती सांगत होती. हद्दूम तिची थोरली बहीण, लराशला असते. "एका डोळ्याने दिसेनासं झालंय तिला. चार दिवस येऊन राहा म्हणाली. मी याला शुक्रवारी कुसकुसच्या जेवणावर सांगितलं, तर हो हो म्हणाला आणि त्या इटालियन चित्रकाराने भिंतीवर मासा कसा काढला ते सांगायला लागला. परत सांगितलं, तर म्हणाला, कोण हद्दूम?" तिने मटाराची शेंग उकलली. "तो वाईट नाही हं. तू तसं समजू नकोस. बिसाऱ्याच्या सुपात लसूण जास्त मागतो आणि मग गिऱ्हाइकांच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलतो, एवढंच. तुला शंख म्हणतो, म्हणू दे. मला काही नको त्याच्याकडून. मी काही सांगितलं की एकदा त्याने 'मग?' म्हणावं. बाकी काही नाही. तू तर 'मग?' पण म्हणत नाहीस, पण निदान मध्ये बोलत नाहीस." थोडं थांबून म्हणाली, "आता तुलाही पुसतील. हा पुसत नाही म्हणून बरं आहे. त्याला वाटतं तो स्वतःसाठी भांडतोय."

मी फळी हातात धरून तसाच उभा राहिलो. एक पाव आत जळला. मला बुशताकडे बघवेना. त्याने आपले पाव उचलले, मागच्या बाजूने वळसा घालून दुकानात गेला आणि त्या दिवशी त्याने दोन गिऱ्हाइकांच्या दाढ्या पुऱ्या केल्या. लोक घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तामो हमामला, गावच्या न्हाणीघरात, गेली तशी बुशताने बादली काढली. मी भट्टी सोडून बाहेर आलो. म्हटलं, अरे, काल ऐकलंस ना तू? तिलाच तो हवा आहे, आणि तू पुसायला निघालास? त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. पाळीपासून सुरुवात केली आणि कुंचा वर वर नेत राहिला.

ज्यांनी चुना लावलाय त्यांना ठाऊक आहे, ओला चुना काही झाकत नाही. पहिला हात झाला तरी निळा कान तसाच दिसत होता, नुसता ओलसर. गल्ली जमली. मला वाटलं होतं लोक टाळ्या पिटतील. पण रहिमोने तिचा कुंचा आणून पुढे केला, तर त्याने मान हलवून नको म्हटलं.

दुसरा हात चालू असताना तामो आली. काखेत टॉवेल, हातात बादली, चेहरा हमामच्या वाफेने लाल. ती भिंतीकडे बघत राहिली आणि तिच्या हातातली बादली खाली ठेवली गेली.

"पुसायचा होता तर मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

बुशता शिडीवरून उतरला. चुन्याने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "तामो," तो म्हणाला, "पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं, तो कान आहे."

"मग वर्षभर शंख शंख काय लावलं होतंस, अरे माणसा? सगळी गल्ली हसली तुला."

"कान म्हटलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, कोणासाठी काढला. ते मला कळलं होतं." तो थांबला. बुशताला शब्द शोधताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "त्या मुलीला पंधरवड्यात दिसलं ते."

मग त्याने तिचं बुटकं स्टूल भिंतीपाशी ठेवलं, समोर आपली खुर्ची आणली, ती गिऱ्हाइकांची, फिरणारी, आणि बसला. "बस. हद्दूमचा कोणता डोळा?"

तामोने चमकून त्याच्याकडे बघितलं, मग भट्टीकडे, मग माझ्याकडे. मला अचानक आत फार काम आठवलं. तरी भट्टीच्या दारातून दिसत होतंच. ती बसली. बराच वेळ काही बोलली नाही, मुद्दामच, हा किती टिकतो ते बघत असावी. भिंतीवरचा चुना हळूहळू वाळत होता आणि तो वाळेल तसतसा कान आत आत जात होता. एक स्पॅनिश जोडपं नकाशा घेऊन आलं आणि त्यांनी बुशतालाच विचारलं, चित्रं कुठे आहेत? बुशताने फक्त हात हलवून त्यांना शेजारच्या गल्लीकडे धाडलं. आमच्या गल्लीच्या इतिहासात असा गुन्हा कोणी केला नव्हता, पण त्या दिवशी रहिमोनेसुद्धा तो माफ केला.

"डावा," तामो म्हणाली.

"मग?" बुशता म्हणाला.

पुढचं मी ऐकलं नाही. ऐकायला हरकत नव्हती, पण डोळ्यांत धूर गेला होता.

रमजान लागायच्या आधी ती दोघं लराशला गेली. दुकानाला कुलूप, गल्ली पांढरीशुभ्र, समिती खूश. मला मात्र त्या दिवसांत भट्टीपाशी करमेना. इतकी वर्षं त्या माणसाची बडबड थांबावी म्हणून मी देवाकडे दुवा मागितली, आणि थांबली तर कानात वारा शिरल्यासारखं वाटायला लागलं. अल्लाल दोन्ही गालांवर दाढी वाढवून हिंडत होता.

दोघं परत आली त्या दिवशी तामो पाव घेऊन स्वतः आली. मी हद्दूमची विचारपूस केली, मग सहज विचारलं, आणि हा कसा होता वाटेत?

तिने फळी माझ्या ओट्यावर ठेवली. "काय सांगू सी अयाशी. बस सुटली तशी मी बोलायला लागले. हा माझ्याकडे तोंड करून बसला. मी म्हटलं हद्दूमला साखर झाली, तर म्हणे, मग? म्हटलं डॉक्टर ऑपरेशन म्हणाला, तर म्हणे, मग? पुढे मुलींचं सांगून झालं, जावयांचं झालं, माझ्या गुडघ्याचं झालं. तरी हा आपला मग, मग. माझ्याजवळ इतकं बोलायला नव्हतं हो कधी. शेवटी समुद्र दिसायला लागला तशी मीच म्हटलं, अरे माणसा, दमले मी. आता तू बोल."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," ती म्हणाली, "लराश येईपर्यंत तो इटालियन आणि त्याचा मासा. पण या खेपेला मी ऐकलं. बरा होता मासा."